काळं अंग, पांढरा खांदा

मंगळवार, १६ नोव्हेंबर १९७१

आज स्टुडिओत जे घडलं ते क्रमाने:

१. सेट क्रमांक दोन, पुरुषांचा वॉर्ड. डेन्झिल प्राऊट पलंगावर, गळ्यापासून कमरेपर्यंत प्लास्टरच्या कवचात. कवच दोन्ही बाजूंना नाड्यांनी आवळलेलं. ते सकाळी साडेआठला चढवलं होतं.

२. अकरा वाजून सतरा मिनिटांनी कॅमेरा चालू झाला. मेट्रन त्यांच्या छातीवर चहाचा ट्रे ठेवून निघून जाते, असा प्रसंग.

३. प्राऊट म्हणाले, "श्वास घेता येत नाही." हे वाक्य संहितेत नव्हतं. सगळे हसले. ते नेहमीच काहीतरी पदरचं घालतात.

४. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि बोटं चादर ओढत होती. मी पुढे गेले. मागे उभ्या राहणाऱ्या परिचारिकांपैकी एक म्हणून मलाही गणवेश दिलेला असल्यामुळे कोणी अडवलं नाही. कॅमेरा चालूच राहिला.

५. पलंगाशेजारी ऑक्सिजनचं सिलिंडर होतं. काळं अंग, पांढरा खांदा. मी त्याचा मास्क त्यांच्या तोंडावर धरला आणि झडप उघडली. गॅस येत होता.

६. ते हसू लागले. सेटवरचे लोकही हसले.

७. त्यांचे ओठ निळे पडले. मी झडप आणखी उघडली.

८. पायांना झटके आले, शुद्ध हरपली. मी कात्रीने कवचाच्या नाड्या कापल्या. रंग परत आला. मास्क घसरून पडला.

९. दिग्दर्शक मिस्टर हॅलम "कट" म्हणाले.

१०. अकरा एक्केचाळीसला रुग्णवाहिका आली.

यात माझं मत कुठेही घातलेलं नाही.

बुधवार, १७ नोव्हेंबर

निर्मितीची सगळी व्यवस्था पाहणारे मिस्टर टेबट सकाळी स्वतः चहा घेऊन माझ्या खोलीत आले. एरवी ते दारातून मान आत घालतात आणि घड्याळ दाखवतात.

"सिस्टर, काल तुम्ही होतात म्हणून निभावलं."

मी वॉर्डप्रमुख सिस्टर नाही, साधी परिचारिका आहे, हे मी त्यांना चौथ्यांदा सांगितलं.

"इथे आम्ही सगळ्यांना बढती देतो," ते म्हणाले. "फुकट असते ना."

इस्पितळाला आणि विमा कंपनीला लेखी निवेदन हवं होतं. ते त्यांनी टाइप करूनच आणलं होतं. चित्रीकरण चालू असताना श्री. प्राऊट यांच्या छातीत त्रास सुरू झाला, उपस्थित प्रशिक्षित परिचारिकेने तत्काळ ऑक्सिजन दिला, तरीही ते निळे पडून बेशुद्ध झाले. त्यात वेळ अकरा वीस लिहिली होती. मी ती अकरा सतरा केली आणि सही केली.

मला इथे सहा आठवड्यांसाठी घेतलं आहे. बँडेज बरोबर बांधलं जावं, सुई उलटी धरली जाऊ नये, यासाठी. ही विनोदी मालिकेतली एकोणिसावी फिल्म आणि इस्पितळावरची चौथी. पहिल्या तिन्हींमध्ये सुया उलट्याच आहेत आणि त्यामुळे कोणाचं काही बिघडलेलं नाही. मिस्टर हॅलम मला पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "बरोबर असलं की कोणी हसत नाही, बाई. पण हल्ली परिचारिकांची तक्रारीची पत्रं येतात." शस्त्रक्रियागृहात मी चार वर्षं होते. त्यातलं एक भुलीच्या यंत्रांवर. मी रोज सूचनांचा कागद टाइप करते आणि तो सेटवरचं सामान पुरवणाऱ्या प्रॉपर्टी खात्यात जातो.

दुपारी सेटवर पुन्हा काम सुरू झालं. पलंगाशेजारचं सिलिंडर तिथे नव्हतं, त्या जागी फुलदाणी होती. प्रॉपर्टी खात्याच्या रेग अ‍ॅपलयार्ड यांनी मला येताना पाहिलं आणि ते शिडीवर चढले. वर काही काम नव्हतं.

शुक्रवार, १९ नोव्हेंबर

इस्पितळात गेले होते. भेटीची वेळ सात ते आठ. मी सातला पोचले, सात छप्पन्नला निघाले.

प्राऊट उशांना टेकून बसले होते. रंग चांगला, नाडी चौऱ्याहत्तर. मी मोजली तेव्हा त्यांनी मला मोजू दिली.

"ये पोरी, बस. ती द्राक्षं आपल्या खोट्या मेट्रनने पाठवलीत. खरी मेट्रन मला बार्लीचं पाणी पाजते. तीस वर्षं मी या लोकांची टवाळी केली, आता सापडलोय त्यांच्या हातात."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"हृदय. मी म्हटलं, आमच्या धंद्यात ते निघालं तर कामं मिळत नाहीत. हसला नाही. हसू विकत मिळत असतं तर मी त्याला एक पुडी आणून दिली असती."

त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉ. मॉन्क्टन यांनाही मी भेटले. हृदयाच्या आलेखात थोडा फरक आहे, पण या वयात असा फरक पुष्कळांच्या आलेखात दिसतो, एवढ्यावर ते काही बोलले नसते, असं त्यांनी सांगितलं. "पण तुमचं निवेदन आहे ना. शुद्ध ऑक्सिजन मिळत असताना माणूस निळा पडतो, झटके देतो. मग हृदयाखेरीज दुसरं काय राहतं?" त्यांचा तर्क बरोबर आहे. मीही तोच केला असता.

विम्याचा डॉक्टर गुरुवारी, दोन डिसेंबरला निर्णय देणार आहे. हे प्राऊट यांनी द्राक्षांच्या बिया कागदात गुंडाळत सांगितलं.

"त्याने नापास केलं की झालं. विमा नसलेल्या माणसाला कोणी पलंगावरूनसुद्धा पडू देत नाही. नाताळातल्या मुलांच्या नाटकात वुल्व्हरहॅम्प्टनला म्हातारीचं सोंग करायचं होतं मला, बावीस वर्षं करतोय. तिथे दुसऱ्याला फोन गेलाय म्हणे. सडपातळ आहे तो. सडपातळ म्हातारीला पाहून कुठलं पोर हसणार?"

त्यांनी बियांची पुडी उशीशेजारी ठेवली.

"एक विचारू का, तुला माहीत असेल. छाती आवळली होती, घाबरलो होतो. आणि तू तो मास्क लावल्यावर गोडसर वास आला आणि एकदम सगळंच गमतीचं वाटायला लागलं. हॅलमचा चेहरा, दिवे, सगळं. मरताना असं होतं का गं?"

मी म्हटलं, मला माहीत नाही.

रविवार, २१ नोव्हेंबर

ऑक्सिजनला वास नसतो.

मास्क रबराचा होता. रबराला वास असतो. घाबरलेल्या माणसाला नसलेले वासही येतात. हे मी परवापासून पाच-सहा वेळा स्वतःला सांगितलं आहे. रबराचा वास गोड नसतो.

सोमवार, २२ नोव्हेंबर

दुपारच्या सुटीत छोट्या प्रेक्षागृहात मंगळवारच्या चित्रीकरणाचा तुकडा दाखवला. मिस्टर हॅलम सँडविच खात होते. एक संकलक, मिस्टर टेबट आणि शेवटच्या रांगेत मी. मला बोलावलं नव्हतं, पण दार उघडं होतं.

पडद्यावर प्राऊट हसायला लागले तेव्हा प्रेक्षागृहात सगळे हसले.

"तीस वर्षांत डेन्झिलने याच्या तोडीचं काही केलेलं नाही," मिस्टर हॅलम म्हणाले. "पाय उडायच्या आत कापा. बाकी सगळं ठेवा."

"ओठ निळे दिसतायत," संकलक म्हणाला.

"फिल्म धुताना प्रयोगशाळेत थोडा लाल चढवतील."

या मालिकेत पहिलाच टेक वापरायची रीत आहे. दुसरा घेणं कमीपणाचं मानतात. सगळे गेल्यावर मी प्रक्षेपकावरच्या माणसाला तुकडा पुन्हा लावायला सांगितला. माझं नाडी मोजायचं घड्याळ हातात धरून पाहिलं.

मास्क लावला: शून्य. हसू: एकोणीस सेकंद. ओठ निळे: तेहेतीस. माझा हात पुन्हा झडपेवर: सदतीस. झटके: एकोणपन्नास. मास्क घसरला: चोपन्न. ओठांना रंग: अडुसष्ट. माझी कात्री कवचाच्या पहिल्या नाडीला लागली: शहात्तर.

सोळा तारखेचा आठवा मुद्दा मी उलट्या क्रमाने लिहिला आहे. रंग नाड्या कापल्यामुळे आला नाही. मास्क निघाल्यावर आला.

"आणखी एकदा लावू का, मिस?" त्या माणसाने विचारलं. मी नको म्हटलं.

बुधवार, २४ नोव्हेंबर

काल धीर झाला नाही. आज चहाच्या सुटीत प्रॉपर्टीच्या कोठारात गेले. तिथे पत्र्याची साठ भांडी उतरंडीने रचलेली आहेत आणि त्यांच्यामागे रेग यांचं टेबल आहे.

"मिस्टर अ‍ॅपलयार्ड, सिलिंडर कुठे आहे?"

त्यांनी कप खाली ठेवला, कोपऱ्यात गेले आणि गोणपाट बाजूला केलं.

"हे कुठून आणलंत?"

"तुम्हीच मागितलंत, मिस."

भिंतीवरच्या खिळ्याला माझे सगळे कागद तारखेप्रमाणे अडकवलेले होते. त्यांनी एक काढून माझ्यापुढे धरला. तीन नोव्हेंबर, सूचना चौथी: 'पलंगाशेजारी ऑक्सिजनचं सिलिंडर असावं. काळं अंग, पांढरा खांदा. हिरवं चालणार नाही.'

"हिरवं होतं ते लाकडाचं," रेग म्हणाले. "ते तुम्ही नापास केलंत. म्हटलं, बाईंना खरं लागतं. मग हे काढलं. एका दातांच्या डॉक्टरचं घर विकायला निघालं होतं, तिथून खुर्चीसकट आणलेलं. निळं होतं. काळ्याचे दोन हात दिले, पांढऱ्याचा एक."

"आत काय आहे ते पाहिलं नाहीत?"

"आत?"

त्यांना प्रश्न खरोखरच कळला नव्हता.

"मिस, इथे कशाच्याच आत काही नसतं. त्या पुस्तकांच्या आत ठोकळे आहेत. व्हिस्कीच्या बाटलीत थंड चहा. तुमच्या त्या औषधांच्या कपाटाला मागची बाजूच नाही. मला रंग सांगतात, मी रंग देतो. आतलं हवं असेल तर तसं लिहायचं होतंत."

मी कात्रीच्या टोकाने काळा रंग खरवडला. खाली निळा होता. झडपेवर ठोकलेली अक्षरं होती: एन-टू-ओ. नायट्रस ऑक्साइड, दात काढताना देतात तो भुलीचा गॅस. त्यात ऑक्सिजन मिसळला नाही तर मिनिटभरात माणूस बेशुद्ध होतो. आधी हसतो. रंग देताना रेग यांनी झडपेला कागद गुंडाळला होता, त्यामुळे एकही अक्षर बुजलेलं नव्हतं. काम स्वच्छ होतं.

सूचना लिहिताना मी असं धरून चालले होते की ऑक्सिजन म्हटल्यावर गॅस कंपनीला फोन जाईल. फोन नाही, कागद जातो, आणि तो रंगाच्या डब्याजवळ जातो. हे मला तीन आठवड्यांत कळायला हवं होतं. पण ते बाजूला ठेवलं तरी एक गोष्ट उरते. प्रशिक्षणात आम्हाला झडपेवरची अक्षरं मोठ्याने वाचायला लावत, रंग पाहून कधीही उघडायचं नाही म्हणून. मी वाचली नाहीत. वाचायला दोन सेकंद लागतात. आज मोजले.

"म्हातारा बरा आहे ना?" रेग यांनी विचारलं.

"हृदयरोगी ठरवलंय त्यांना."

ते खाली बसले. मग म्हणाले, "टेबटसाहेबांनी त्या मंगळवारीच मला हे झाकून ठेवायला सांगितलं. मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे. तुम्ही तर सही केलीत म्हणे."

मंगळवारी. म्हणजे बुधवारी ते चहा घेऊन आले त्याच्या आदल्या दिवशी.

सिलिंडर आता रेग यांच्या कपाटात कुलपात आहे. मी मागितलं नव्हतं. त्यांनी स्वतःच उचलून ठेवलं आणि किल्ली खिशात टाकली.

गुरुवार, २५ नोव्हेंबर

मिस्टर टेबट मला आज अ‍ॅव्हरिल म्हणाले.

"बस, अ‍ॅव्हरिल. रेगने सांगितलं मला. वाईट वाटतं ना? मलाही वाटतं."

मी म्हटलं, निवेदन मागे घ्यायचं आहे.

"घेता येईल. मग काय होईल ते आपण जरा शांतपणे बघू. आत्ता काय आहे? एक कलाकार आजारी पडला. आजारपणाला विमा आहे. तू म्हणतेस तसं असेल तर तो अपघात, मग चौकशी. पहिला प्रश्न कोणाला विचारतील? रेगला? तो रंगारी आहे. हॅलमला? तो कॅमेऱ्यामागे होता. झडप कोणी उघडली?"

"मी."

"दोनदा."

त्यांनीही तुकडा नीट पाहिलेला दिसतो.

"आणि वर सही केलेलं खोटं निवेदन. तुमची नर्सिंग परिषद अशा वेळी काय करते?"

"नोंदणी काढून घेऊ शकते."

"सव्वीस वर्षांची आहेस तू. डेन्झिल अठ्ठावन्नचा. तो तसाही आणखी किती वर्षं पलंगावरून पडणार होता?" त्यांनी खण उघडून एक संहिता टेबलावर ठेवली. "वसंतात पुढची करतोय. प्रसूतिगृह. तुझ्यासारखी नीटस मुलगी मला पूर्ण वेळ हवी आहे."

ते एकदाही रागावले नाहीत. मी संहिता घेतली, कारण ती त्यांनी माझ्या हातातच दिली. बाहेर आल्यावर ती त्यांच्या टंकलेखिकेच्या टेबलावर ठेवली. मग पुन्हा उचलली. आता ती इथे माझ्यासमोर आहे.

शुक्रवार, २६ नोव्हेंबर

पत्राचे तीन मसुदे केले. तिन्ही फाडले.

मी गप्प राहिले तर कोणालाही काही कळणार नाही. हे मी दिवसभर सगळ्या बाजूंनी तपासून पाहिलं, कारण मला त्यात खोट सापडायला हवी होती. सापडली नाही. गॅस शरीरातून काही मिनिटांत निघून जातो. सिलिंडर पुन्हा रंगवता येतं. तुकडा कापला जाईल. रेग यांना निवृत्तीला चार वर्षं आहेत आणि मी बोलले नाही तर ते बोलणार नाहीत. डॉ. मॉन्क्टन यांचा तर्क बरोबरच राहील.

परिचारिका नसेन तर मी काय आहे, याचं एका शब्दात उत्तर लिहून पाहिलं. जागा रिकामी राहिली.

शनिवार, २७ नोव्हेंबर

दुपारी दोनला इस्पितळात; शनिवारी भेटीची वेळ तीच. प्राऊट खिडकीशी खुर्चीत, गुडघ्यांवर घोंगडी. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला ते परिचारिकांना नावं ठेवून हसवत होते. मला पाहिल्यावर म्हणाले, "ही खरीखुरी आहे बरं का, हिच्यासमोर सरळ बस."

मी उभ्यानेच सांगितलं. काय दिलं, किती सेकंद, कोणती अक्षरं वाचली नाहीत, कशावर सही केली. त्यांनी मध्ये अडवलं नाही.

"म्हणजे माझं हृदय ठीक आहे."

"बहुधा."

"बहुधा म्हणजे काय गं?"

"छाती आवळली ती कवचामुळे. बाकीचं सगळं त्या गॅसने होतं. पण आलेख पुन्हा पाहायला हवा. ते मी सांगू शकत नाही, डॉक्टरांनीच सांगायला हवं."

त्यांनी घोंगडी बाजूला केली, तिची घडी घातली, खाटेवर ठेवली. एवढं करायला त्यांना बराच वेळ लागला.

"अकरा दिवस," ते म्हणाले. "अकरा दिवस मी संडासलाही कोणाचा तरी हात धरून जातोय. रोज संध्याकाळी बहिणीला फोन करून सांगतो, माझं घर इतक्यात विकू नको म्हणून. अकरा दिवस तू मला म्हातारा करून ठेवलंस."

"मला बुधवारी कळलं."

"मग बुधवारपासूनचे तीन तुझे. उरलेले त्या टेबटचे."

हा हिशेब बरोबर आहे. मी तसं म्हटलं.

"तुला काढतील?"

"शक्य आहे."

मला वाटलं, ते आता 'राहू दे' म्हणतील. मी त्याची वाट पाहत होते, हे इथे लिहायला हवं. ते म्हणाले नाहीत.

"मला काम हवंय," ते म्हणाले. "तुझं वाईट व्हावं असं मला वाटत नाही. पण मला काम हवंय. दुसरं काही येत नाही मला. जा, लिही ते काय लिहायचंय ते. आणि इथे रडू नकोस, बायका बघतायत."

मी रडत नव्हते. खिडकी पश्चिमेला आहे आणि ऊन डोळ्यांवर येत होतं.

ते दारापर्यंत माझ्याबरोबर चालत आले. कोणाचा हात न धरता. परिचारिका मागून हाका मारत होती, तिला म्हणाले, "अगं, मी आजारी असल्याचं काम करतोय, खरं समजू नकोस."

रविवार, २८ नोव्हेंबर

वसंतातली संहिता आज कागदात बांधली. उद्या मिस्टर टेबट यांच्या टेबलावर ठेवेन. पत्र उद्याच्या पहिल्या टपालाने जाईल. त्याची एक प्रत मिस्टर टेबट यांना आणि एक नर्सिंग परिषदेला. सकाळी रेग यांना पत्र वाचून दाखवायला त्यांच्या घरी गेले होते. ते म्हणाले, "रंग मी दिला हे लिहिलंत, ते बरोबर. पण सांगितलेला रंग दिला, असं लिहा." तसं केलं. इथे उतरवून ठेवते.

डॉ. मॉन्क्टन यांस,

श्री. डेन्झिल प्राऊट यांच्याविषयी मी १७ नोव्हेंबरला सही केलेलं निवेदन चुकीचं आहे. ते मी मागे घेत आहे.

त्यांना ऑक्सिजन दिलेला नव्हता. नायट्रस ऑक्साइड दिला होता, ऑक्सिजनशिवाय, चोपन्न सेकंद. सिलिंडर मुळात निळं होतं. मी कागदावर मागितलेला रंग प्रॉपर्टी खात्याने त्याला दिला. झडपेवरची अक्षरं शाबूत होती. ती मी वाचली नाहीत. ओठ निळे पडल्यावर मी झडप आणखी उघडली. मास्क दूर झाल्यावर चौदा सेकंदांत रंग परत आला. तेव्हा छातीवरचं कवच अजून बांधलेलंच होतं. हे सगळं चित्रफितीवर आहे आणि ती स्टुडिओत आहे. सिलिंडर श्री. अ‍ॅपलयार्ड यांच्या ताब्यात आहे. आपण सांगाल तेव्हा ते आणून दाखवतील.

आपलं निदान माझ्या निवेदनावर उभं होतं. विम्याचे डॉक्टर गुरुवारी, २ डिसेंबरला श्री. प्राऊट यांच्याबाबत निर्णय देणार आहेत आणि तो आपल्या अहवालावर ठरेल. तरी त्यांचा आलेख वरील माहितीच्या आधारे पुन्हा तपासावा आणि आपलं मत कायम आहे की बदललं, हे त्यांना व मला लेखी कळवावं. उत्तर बुधवार, १ डिसेंबरला दुपारी बारापर्यंत मिळावं, ही विनंती.

अ‍ॅव्हरिल हेग